१२८ नंबरच्या रस्त्यानं: द्राक्षांच्या गावांतले पाच दिवस

पहिला दिवस, शुक्रवार

माझे वडील, अण्णा, सप्टेंबरात आमच्याकडे कॅलिफोर्नियात आले तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली, "इथल्या बागा दाखव." निफाड तालुक्यात तीस वर्षं थॉमसन द्राक्षांची बाग सांभाळलेला माणूस. गोल्डन गेट पूल त्यांनी पंधरा मिनिटांत पाहून घेतला आणि परत गाडीत येऊन बसले.

वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या नापा खोऱ्यात जाऊन येणं आमच्या भागातल्या लोकांना नवं नाही. सकाळी निघायचं, तीन वायनरी करायच्या, रात्री घरी. आम्हीही दोनदा तसंच गेलो होतो. पण अण्णांचं जुनं म्हणणं आहे की बाग कळायची असेल तर बागेशेजारी रात्र काढावी लागते. म्हणून यंदा हॉटेल घेतलंच नाही. दोन तंबू, एक स्टोव्ह, पाण्याचे कॅन आणि १२८ नंबरचा राज्य महामार्ग, एवढाच बेत. हा रस्ता नापा खोऱ्याच्या वरच्या टोकाला कॅलिस्टोगातून जातो, तिथून नाइट्स व्हॅली, अलेक्झांडर व्हॅली, गायझरव्हिल, क्लोव्हरडेल, बूनव्हिल, फायलो अशी छोटी छोटी गावं ओवत थेट पॅसिफिकच्या काठाला जाऊन संपतो. कुठंही नीट सरळ नाही, आणि घाई असलेला माणूस त्याच्या वाटेला जात नाही.

पहिला मुक्काम बोथी-नापा व्हॅली स्टेट पार्कमध्ये. सेंट हेलिना आणि कॅलिस्टोगा यांच्या मध्ये, रस्त्याला लागूनच. शनिवार-रविवारच्या जागा सहा महिने आधी सुटतात आणि लगेच भरतात. आम्हाला कुणीतरी रद्द केलेली एक जागा मिळाली. पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, गाडीतला पारा ३५ अंश सेल्सिअस दाखवत होता. समुद्रापासून इतक्या आत रेडवूडची झाडं सहसा दिसत नाहीत, इथं ओढ्याच्या काठानं ती आहेत. त्यांच्या सावलीत तंबू ठोकले. जमीन इतकी कडक की मेखा दगडानं ठोकाव्या लागल्या. फाटकावर पाटी होती: वणव्याच्या धोक्यामुळे लाकडाच्या शेकोटीला मनाई. गॅसच्या स्टोव्हला परवानगी होती. अण्णांनी स्वतः पिठलं केलं आणि घरून आणलेल्या भाकऱ्यांबरोबर आम्ही ते अंधार पडायच्या आत खाल्लं.

दुपारच्या उकाड्यावर विसंबून मी पांघरुणं पातळच घेतली होती. रात्री दोनला जाग आली ती थंडीनं. पारा दहा अंशांवर उतरला होता. बाहेर आले तर अण्णा बाकावर शाल गुंडाळून बसलेले. रस्त्यापलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"लाइट आली वाटतं यांच्याकडे," ते म्हणाले. आमच्याकडे रात्री वीज आली की बागेला पाणी सोडायला उठावं लागायचं, ती सवय.

पाणी नव्हतं, तोडणी चालू होती. इथं वाइनच्या द्राक्षांची तोडणी बऱ्याच ठिकाणी रात्रीच, मोठे दिवे लावून करतात. घड गार राहतो आणि कारखान्यात जाईपर्यंत आंबायला लागत नाही. पण अण्णांचं लक्ष थंडीकडं होतं. निफाडची थंडी महाराष्ट्रात नावाजलेली. डिसेंबर-जानेवारीत पारा घसरला की थॉमसनचे मणी गुलाबी पडतात, 'पिंक बेरी' म्हणून निर्यातीचा माल व्यापारी नाकारतो. त्या रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करायचा, घडांना कागद लावायचे. आणि इथं याच थंडीसाठी जमीन सोन्याच्या भावानं विकली जाते. दिवसा ऊन साखर भरतं. रात्र गार असली की वेलीचा श्वास मंदावतो आणि मण्यातलं आम्ल जळून जात नाही. वाइनला दोन्ही लागतं.

"दिवसा येऊन गेलो असतो तर हे कळलंच नसतं," अण्णा म्हणाले. मी तंबूतून माझी स्लीपिंग बॅग आणून त्यांच्या पायांवर टाकली.

दुसरा दिवस, शनिवार

पार्कातून एक पायवाट बेल ग्रिस्ट मिलला जाते, दोनेक किलोमीटर. एडवर्ड बेल नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८४६ साली बांधलेली पाणचक्की. चाक ३६ फूट उंच, लाकडी. तेव्हा नापात द्राक्षांचं राज्य नव्हतं, गव्हाचं होतं, आणि आसपासचे शेतकरी दळण घेऊन इथं येत. शनिवार-रविवारी ती अजून दळते. आत गेलं की आधी पायांना कळतं, कारण सगळा मजला थरथरत असतो. मग वास येतो, गरम पिठाचा. अण्णांनी पन्हाळीतून पडणारं पीठ चिमटीत धरलं, दोन बोटांत चोळलं आणि चक्कीवाल्याकडं पाहून मान डोलावली. त्यानं दगडातलं अंतर किंचित कमी केलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण पीठ जाडसर येतंय हे दोघांनाही कळलं होतं.

२०११ मध्ये राज्याकडं पैसे नव्हते म्हणून ७० पार्क बंद करायची यादी निघाली. बोथी आणि ही चक्की दोन्ही त्या यादीत होती. नापा काउंटीच्या पार्क मंडळानं २०१२ पासून त्यांची व्यवस्था स्वतःकडं घेतली, म्हणून चाक फिरतं आहे.

दुपारी कॅलिस्टोगा. लिंकन अव्हेन्यू हा एक मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना जुन्या इमारती, टोकाला डोंगर. गावानं साखळी रेस्टॉरंटांना बंदी घातली आहे, त्यामुळे कॉफीचं दुकान म्हणजे खरोखर कुणाचं तरी दुकान असतं. गरम पाण्याचे झरे इथं मूळचे. इथले मूळ रहिवासी वॅपो लोक ते शतकानुशतकं वापरत होते, नंतर सॅम ब्रॅनन नावाच्या धनाढ्य माणसानं १८६० च्या दशकात इथं आरोग्यधाम काढलं. न्यूयॉर्कच्या साराटोगा झऱ्यांसारखं त्याला करायचं होतं. 'कॅलिफोर्नियाचं साराटोगा' म्हणताना त्याची जीभ अडखळली आणि 'साराफोर्नियाचं कॅलिस्टोगा' असं बाहेर पडलं, अशी गावाच्या नावाची गोष्ट सांगतात. चिखलस्नानाला आम्ही गेलो नाही. अण्णांचं म्हणणं, चिखलात आयुष्य गेलं.

गावाबाहेर शातो मोंटेलेना आहे. १८८२ ची स्थापना, दगडी वाडा, खाली तळं. १९७६ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी बाटल्यांची नावं झाकून वाइन चाखल्या, तेव्हा पांढऱ्यांत यांची १९७३ ची शार्दने पहिली आली आणि नापाचं नाव जगभर झालं. त्या शार्दनेची बहुतेक द्राक्षं नापाची नव्हतीच. डोंगरापलीकडच्या सोनोमाची होती, त्यातली बरीचशी अलेक्झांडर व्हॅलीतली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच वाटेनं जाणार होतो.

नापात एकेका ठिकाणी चाखायला माणशी ५० डॉलरच्या पुढं मोजावे लागतात. आम्ही एकच ठिकाण केलं. अण्णा दारू घेत नाहीत. ते बाहेर ओळींमधून फिरत राहिले. परत आले ते प्रश्न घेऊन, "खुंट कुठला?" खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर द्राक्षाचं कलम बांधतात ते रोप. त्यांच्या बागेत डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम होतं, खारवट पाणी आणि दुष्काळ सोसायला. इथंही वेल कलमीच, पण कारण वेगळं. फायलॉक्सेरा नावाची कीड मुळं खाते, तिला अमेरिकी रानवेलीच्या मुळांनी तोंड देता येतं. ऐंशीच्या दशकात नापात एएक्सआर-१ नावाचा खुंट सगळीकडं लावलेला होता. तो किडीला बळी पडला आणि हजारो एकर वेली उपटून पुन्हा लावाव्या लागल्या. हे मी सांगितल्यावर अण्णा बराच वेळ गप्प राहिले. उभी बाग कुऱ्हाडीनं तोडणं काय असतं, ते त्यांनी एकदा केलेलं आहे.

तिसरा दिवस, रविवार

कॅलिस्टोगा सोडलं की १२८ उत्तर-पश्चिमेला वळतो आणि दहा मिनिटांत गर्दी संपते. नाइट्स व्हॅलीत गाई, ओकची झाडं, मध्येच बागांचे पट्टे. ८ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री कॅलिस्टोगाजवळ पेटलेली टब्ज आग वाऱ्यावर स्वार होऊन काही तासांत सँटा रोझात शिरली होती. २२ माणसं गेली, साडेपाच हजारांवर घरं आणि इमारती जळाल्या. २०२० ची ग्लास आग वेगळी. त्या वर्षी धुराचा वास मण्यांत उतरला म्हणून कित्येकांनी माल वेलीवरच सोडून दिला. डोंगरांवर अजून काळे खांब उभे आहेत, त्यांच्या बुंध्यांशी हिरवा फुटवा. शेकोटीबंदीची पाटी पाहून पहिल्या दिवशी माझी थोडी निराशा झाली होती. इथून जाताना ती गेली.

अलेक्झांडर व्हॅली रुंद आणि सपाट, मधून रशियन नदी. गायझरव्हिल म्हणजे जेमतेम हजार वस्तीचं गाव. नाव डोंगरातल्या गरम वाफांवरून आलं. तिथं आता जगातला सगळ्यात मोठा भूऔष्णिक वीज प्रकल्प आहे. एक रस्ता, लाकडी दर्शनी भिंतींची जुनी दुकानं, पुढं बाक. चाखायच्या खोलीत बाई स्वतः ओतत होत्या, आणि अण्णा पीत नाहीत म्हटल्यावर त्यांनी त्यांच्यापुढं नुसत्या द्राक्षांची वाटी ठेवली. कॅबर्ने सोव्हिन्यों. मणी हरभऱ्याएवढा, साल जाड, आत दोन बिया.

अण्णांनी मणी दाताखाली फोडला आणि बी हातावर काढली. तपकिरी. बीचा हिरवा रंग जाऊन ती शेंगदाण्याच्या सालीसारखी झाली की घड पिकला, मग यंत्र काहीही सांगो. यंत्र म्हणजे रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर, तो बाईंकडंही होता. आमच्याकडं १७-१८ ब्रिक्सला माल काढतात, त्यांनी दाखवला तो २४ वर गेलेला होता. अण्णांनी तो डोळ्याला लावून दोनदा पाहिला. एकरी माल विचारला तर तीन-चार टन. आपल्याकडं दहा-बारा टन निघतो आणि तरी कर्ज फिटत नाही, हे त्यांनी मला मराठीत सांगितलं. मी त्याचं भाषांतर केलं नाही.

हील्ड्सबर्गला जेवायला थांबलो. मधला चौक सुंदर आहे, झाडं, बाकं, वाद्यवृंदासाठी छत्री. पण भोवतालची दुकानं आता बाहेरून येणाऱ्यांसाठीच आहेत, गावाला लागेल असं किराणा सामान शोधायला दोन गल्ल्या चालावं लागलं. मला गायझरव्हिलच जवळचं वाटलं.

मुक्काम लेक सोनोमाच्या काठावर, लिबर्टी ग्लेन कॅम्पग्राउंडवर. हा तलाव वॉर्म स्प्रिंग्ज धरणाचा, मातीचं धरण, ३१९ फूट उंच, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पुरं झालं. धरणात इथल्या मूळच्या पोमो लोकांच्या टोपल्या विणायच्या लव्हाळ्याची बेटं बुडणार होती. ती मुळांसकट उचलून दुसरीकडं लावली गेली. धरणाखाली माशांचं उबवणी केंद्र आहे, कोहो सामन मासा रशियन नदीतून संपत आला होता, त्याला २००१ पासून इथं वाढवून सोडतात. सप्टेंबरात माशांना वर चढायची शिडी रिकामीच असते. अण्णा तरी कठड्याशी उभं राहून वाहत्या पाण्याकडं बघत राहिले.

उघडलेली बाटली गाडीत जवळ ठेवता येत नाही, इथला कायदा आहे. ती डिकीतच न्यायची. आणि गाडी चालवणाऱ्यानं ठरवून काही घ्यायचं नाही. माझ्या नवऱ्यानं पाचही दिवस घोट घेऊन थुंकून टाकला. अण्णांनी त्यांना म्हटलं, "जावईबापू, तुम्ही माझ्याच पंगतीत बसा."

चौथा दिवस, सोमवार

या दिवसाबद्दल मला जास्त लिहायचंय.

पहाटे साडेपाचला तंबू उतरवले. बाहेरचं कापड कोरडं होतं, म्हणजे रात्री दव पडलं नव्हतं, ऊब होती. ड्राय क्रीकच्या खोऱ्यात उतरलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. ही झिन्फँडेलची जागा. शंभर वर्षं पार केलेल्या वेली इथं अजून फळतात. अमेरिकेचं म्हणून ओळखलं जाणारं हे वाण मूळचं क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचं, हे २००१ मध्ये डीएनएवरून सिद्ध झालं.

एका बांधाशी तोडणी चालली होती. गाडी थांबवायला अण्णांनीच सांगितलं. समोरच्या बागेला मांडव नव्हता. तार नाही, वाय आकाराचा आधार नाही, लोखंडी अँगल नाही. मांडीएवढं जाड खोड, कमरेएवढं उंच, आणि त्यातून चहूकडं फुटलेले काडीचे हात. प्रत्येक वेल आपल्या पायावर एकटी उभी. अण्णांनी आयुष्यात तारेवाचून द्राक्ष पाहिलं नव्हतं.

तोडणी करणारे मेक्सिकन होते. वाकडी सुरी, पायाशी पिवळं टब. घड हातात येतो, देठ तुटतो, टबात पडतो, तोवर दुसरा हात पुढच्या घडावर. टब भरला की डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरकडं पळायचं, कारण मजुरी टबावर. पन्नाशीचा एक गडी पाणी प्यायला बांधावर आला. माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं की हे माझे वडील, यांची भारतात द्राक्षबाग आहे. त्यानं आधी अण्णांचे हात पाहिले. उजव्या आंगठ्याच्या मुळाशी कात्रीनं पडलेला घट्टा आहे, तो त्यानं बोटानं दाबून पाहिला आणि हसला. स्वतःचाही दाखवला.

मग दोघं वेलीशी बसले. मी मध्ये होते, पण फारशी लागले नाही. अण्णांनी बोटांची कात्री करून दोन वेळा छाटलं: आमच्याकडं छाटणी दोनदा, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. त्यानं एकच बोट वर केलं, मग दोन्ही हात गालाशी नेऊन डोळे मिटले. हिवाळ्यात वेल झोपते, पानं झडतात, तेव्हा एकदाच. आमची वेल कधीच झोपत नाही. अण्णांनी ते हातांनी सांगायचा प्रयत्न केला आणि थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी पाहिलेलं नव्हतं.

त्यानं एक घड तोडून दिला. झिन्फँडेल एकसारखं पिकत नाही. एकाच घडात काही मणी टपोरे, काही मनुके झालेले, एखादा अजून लालसर. निर्यातीच्या पेटीत हा घड कुणी ठेवला नसता. अण्णांनी मनुका झालेला मणी आधी खाल्ला.

क्लोव्हरडेलवरून १२८ डोंगरात चढतो आणि वळणं संपत नाहीत. तासभरानं अँडरसन व्हॅली उघडते. बूनव्हिलला थांबलो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या एकाकी खोऱ्यातल्या लोकांनी स्वतःची बोली रचली, बूंटलिंग. शब्द बहुतेक गावातल्या माणसांच्या नावांवरून. कॉफी म्हणजे 'झीस', कारण झेड. सी. आद्याक्षरांचा एक स्वयंपाकी भयंकर कडक कॉफी करायचा. नाणं टाकून वापरायचा टेलिफोन म्हणजे 'बकी वॉल्टर'. वाइन म्हणजे 'फ्राटी', इथल्याच एका द्राक्षवाल्याचं आडनाव. आता बोलणारे अगदी थोडे उरलेत, पण कॉफीच्या दुकानात 'हॉर्न ऑफ झीस' मागितलं तर कप मिळाला.

नापात माझा पेला भरत असताना पुढच्या माणसाची वेळ झालेली असते. इथं फायलोच्या वाटेवर एका छोट्या वायनरीत आम्ही तास काढला, आणि ओतणारा स्वतः सकाळी ट्रॅक्टरवर होता. पिनो न्वार आणि गेवुर्त्सत्रामिनर, दोन्ही गारव्याची वाणं. ल्वी रोडेरर या फ्रेंच शॅम्पेनवाल्यांनीही १९८२ मध्ये फेसाळत्या वाइनसाठी हेच खोरं निवडलं. कारण विचारलं तर त्या माणसानं पश्चिमेला बोट केलं. तिकडं नवारो नदीची घळ समुद्रापर्यंत जाते आणि रोज रात्री धुकं त्या घळीतून वर येतं.

रस्त्याकडेच्या फळांच्या मांडवातून सफरचंदं घेतली. द्राक्षांआधी हे खोरं सफरचंदांचं होतं. रात्र हेंडी वूड्स स्टेट पार्कमध्ये. हेही त्या ७० पार्कांच्या यादीतलं; गावकऱ्यांनी संस्था काढून वाचवलं.

रात्री दोनला मी मुद्दाम उठले. तंबूबाहेर काही दिसत नव्हतं. धुकं इतकं जाड की टॉर्चचा उजेड हाताएवढ्या अंतरावर अडत होता. सगळीकडून टपटप आवाज, पाऊस नाही, रेडवूडच्या पानांवर धुकं साचून खाली पडत होतं. अण्णांच्या तंबूचं कापड हात लावल्यावर ओलंगच्च लागलं.

"जागी आहेस का?" आतून आवाज आला.

"हो."

"घळीतून आलं बघ."

पाचवा दिवस, मंगळवार

सकाळी बिग हेंडीच्या राईत फिरलो, ८० एकर, कधीच न तोडलेले रेडवूड. तिथं कुणी मोठ्यानं बोललं नाही. तंबू ओलेच गुंडाळले.

नवारोनंतर बागा संपतात आणि रस्ता नदीच्या काठानं झाडांच्या बोगद्यात शिरतो. अर्ध्या तासानं उजेड आला, आणि पूल, आणि एक नंबरचा महामार्ग. १२८ इथं संपतो. डावीकडं वळून नदीच्या मुखाशी गेलो. उन्हाळ्याअखेर पाणी कमी झालं की समुद्र मुखाशी वाळूचा बांध घालतो, नदी आत तळ्यासारखी थांबते. किनाऱ्यावर पांढरी पडलेली झाडांची खोडं. समुद्र नुसता ऐकू येत होता. पाण्यावरून धुक्याची भिंत सरकत आली, आमच्या दोन्ही बाजूंनी गेली आणि घळीत शिरली.

अण्णा खोडावर समुद्राकडं पाठ करून बसले होते आणि तिच्याकडं बघत होते, खोऱ्याच्या दिशेनं. बराच वेळ.

नवऱ्यानं फोनवर नकाशा काढला होता. किनाऱ्यानं खाली जाऊन घरी लवकर पोचता येईल का ते पाहत होता.

"आलो त्याच रस्त्यानं चला," अण्णा म्हणाले. "त्या गड्याची आजची ओळ कुठवर आली असेल, बघू."

तंबू वाळायला मागच्या सीटवर पसरले आणि गाडी वळवली.